हार्ड डिस्कची हरवलेली जागा आणि ‘सिस्टिमरेस्क्यू’ : प्रत्यक्ष वापरानंतरचा अभिप्राय

आमच्या वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांच्या स्कॅनिंगचे काम चालू आहे आणि त्या कामासाठी लागणाऱ्या हार्ड डिस्क सांभाळण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. ६०० डीपीआयने रंगीत स्कॅन केलेल्या एका पानाची टिफ फाईल साधारण ५० एमबीची होते, म्हणजे २०० पानांचा एक अंक सुमारे १० जीबी जागा घेतो. त्यामुळे डिस्कवरची जागा आम्हाला कपाटातल्या फळीसारखी मोजून वापरावी लागते. गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात तीन हार्ड डिस्क माझ्या टेबलावर आल्या आणि तिन्हींची तक्रार एकच होती : लेबलवर लिहिलेली जागा संगणक दाखवत नाही. या तिन्ही डिस्क मी ज्या मोफत साधनाने तपासल्या आणि दोन दुरुस्त केल्या, त्या ‘सिस्टिमरेस्क्यू’बद्दल हा अभिप्राय आहे.

सिस्टिमरेस्क्यू म्हणजे पेनड्राइव्हवरून चालणारी एक पूर्ण लिनक्स प्रणाली. तिची फाईल संकेतस्थळावरून उतरवून घ्यायची, रुफससारख्या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर चढवायची आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. संगणकातल्या विंडोजला हात लागत नाही आणि काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही. सुरू होताना येणाऱ्या यादीत संपूर्ण प्रणाली मेमरीत चढवण्याचा एक पर्याय असतो. तो निवडला की पेनड्राइव्ह काढून घेता येतो आणि यूएसबीची ती जागा मोकळी होते. डिस्कच्या कामाला लागणारी साधने, म्हणजे जीपार्टेड, जीडिस्क, टेस्टडिस्क, एचडीपार्म, डिस्कची प्रकृती सांगणारे स्मार्टसीटीएल आणि खराब डिस्कची नक्कल काढणारे डीडीरेस्क्यू, ही सगळी तिच्यात आधीपासून असतात. दुरुस्तीच्या मध्येच ‘आता हेही उतरवून घ्या’ अशी वेळ येत नाही, आणि ज्याच्यापुढे एखाद्या संस्थेचा अनेक वर्षांचा संग्रह उघडा पडलेला असतो त्याला या सोयीची किंमत कळते.

पहिली डिस्क १ टीबीची होती. विंडोजमध्ये ती ९३१ जीबी दाखवत होती आणि ती परत करावी, असे कार्यकारिणीतल्या एका सदस्यांचे म्हणणे होते. या डिस्कमध्ये कोणताही दोष नव्हता. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे १०,००,००,००,००,००० बाइट धरतात. आपल्या मोजणीत सांगायचे तर एक लाख कोटी बाइट. विंडोज मात्र १,००० ऐवजी १,०२४ ने भागत जाते आणि उत्तरापुढे तेच ‘जीबी’ लिहिते. या दोन मोजमापांचा गोंधळ मिटावा म्हणून १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १,०२४ च्या पटीतल्या एककांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावे दिली, पण विंडोजने ती आजही स्वीकारलेली नाहीत. मॅकवर २००९ पासून १,००० च्या पटीतली मोजणी असल्यामुळे हीच डिस्क तिथे पूर्ण १ टीबी दिसते. जीपार्टेडमध्ये डिस्क उघडली तेव्हा ‘९३१.५१ गिबीबाइट’ असा आकडा योग्य एककासह समोर आला आणि तो सदस्यांना दाखवल्यावर प्रश्न मिटला. ५०० जीबीची डिस्क ४६५ आणि २ टीबीची १,८६३ च्या आसपास दिसत असेल, तर दुरुस्त करण्यासारखे काहीही नाही, हे प्रत्येक ग्राहकाने खरेदीच्या दिवशीच लक्षात घ्यावे.

दुसऱ्या डिस्कचे दुखणे मात्र खरे होते. ती ४ टीबीची नवी डिस्क होती. एका दुकानदाराने ती आमच्या स्कॅनिंगच्या संगणकात बसवून दिली होती आणि तिच्यावर सुमारे ६०० जीबी काम चढलेही होते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहिले तर २,०४८ जीबीचे एक पार्टिशन (डिस्कवर वेगळा नोंदवलेला भाग) आणि त्याच्या उजवीकडे काळ्या पट्टीखाली १,६७८.०२ जीबी रिकामी, पडीक जागा. त्या जागेवर उजवे बटण दाबले तर नवे पार्टिशन करण्याचा पर्याय फिका, आणि डिस्कच्या नावावर दाबले तर नोंदीची पद्धत जीपीटीमध्ये बदलण्याचा पर्यायही फिका. आमच्या हिशेबाने दीडशेहून अधिक अंकांची जागा तिथे अडकली होती. दुकानदाराचे म्हणणे असे की संगणक जुना असल्याने तो २ टीबीच घेणार, नाहीतर सगळे पुसून नव्याने फॉरमॅट करावे लागेल. यातले पहिले विधान चूक होते आणि दुसऱ्याची गरज नव्हती.

येथे २,०४८ हा आकडाच निदान सांगतो. डिस्कवर कोणते पार्टिशन कुठून कुठपर्यंत आहे याची नोंद ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. एमबीआर या जुन्या पद्धतीत सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या सर्वांत छोट्या कप्प्याचा, क्रमांक लिहायला ३२ बिट मिळतात, त्यामुळे जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर मोजता येतात. एक सेक्टर ५१२ बाइटचा धरला तर ही मर्यादा २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइटवर, म्हणजे बरोबर २,०४८ गिबीबाइटवर येऊन थांबते. त्यापुढची जागा डिस्कवर असते, पण नोंदवहीत तिच्यासाठी रकानाच नसतो. जीपीटी या नव्या पद्धतीत क्रमांकाला ६४ बिट असल्यामुळे ही अडचण उरत नाही. नवी डिस्क पहिल्यांदा जोडल्यावर विंडोज या दोहोंपैकी कोणती पद्धत हवी ते विचारते. दुकानात त्या खिडकीत एमबीआर निवडले गेले होते, एवढीच चूक झाली होती. जुन्या बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या) संगणकाला जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू करता येत नाही हे खरे. परंतु केवळ साठवणीची दुसरी डिस्क म्हणून ती वापरायला व्हिस्टापासून पुढच्या कोणत्याही विंडोजला अडचण येत नाही.

हाच बदल करून देतो म्हणणारे एक विकाऊ सॉफ्टवेअर मी आधी वापरून पाहिले होते. त्याने सगळ्या पायऱ्या रंगीत चित्रांसह दाखवल्या आणि शेवटच्या बटणावर आल्यावर पैसे मागितले. किंमत मागण्यात गैर काही नाही, पण ती पहिल्या पानावर सांगायला हवी होती. सिस्टिमरेस्क्यूमध्ये हे काम जीडिस्क करतो आणि त्याची रीत मला फार आवडली. एमबीआर असलेल्या डिस्कवर तो सुरू केला की तो जुनी नोंद वाचतो, तिचे जीपीटीत रूपांतर केवळ मेमरीत करतो आणि डिस्कवर अजून काहीही लिहिलेले नाही हे ठळक ताऱ्यांच्या चौकटीत सांगतो. मग ‘पी’ दाबून होऊ घातलेली मांडणी वाचता येते. मन साशंक झाले तर ‘क्यू’ दाबून बाहेर पडावे, डिस्क जशी होती तशीच राहते. खात्री झाली तर ‘डब्ल्यू’ दाबून पुन्हा एकदा होकार द्यावा. जीपीटीला आपली दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवायला थोडी मोकळी जागा लागते, आणि आमच्या डिस्कवर शेवटी १,६७८ जीबी मोकळे पडलेले असल्यामुळे तोही प्रश्न नव्हता. अर्थात ६०० जीबीचे काम आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले होते. त्याशिवाय मी ‘डब्ल्यू’ला बोट लावले नसते आणि इतर कोणीही लावू नये.

रूपांतर झाल्यावर जीपार्टेड उघडले. एका आडव्या पट्टीत २.०० टेबीबाइटचे पार्टिशन आणि शेजारी १.६४ टेबीबाइटची करडी मोकळी जागा दिसत होती. पार्टिशनची उजवी कड माउसने धरून टोकापर्यंत ओढायची, एवढेच काम. पण ओढल्यावर लगेच काही होत नाही. काय करायचे ठरले आहे याची ओळ खालच्या भागात जमा होते आणि वरची हिरवी बरोबरची खूण दाबेपर्यंत ती तिथेच थांबून राहते. खूण दाबल्यावर जीपार्टेड आधी फाईल-सिस्टिम, म्हणजे फाईली ठेवण्याची मांडणी, तपासतो, मग आकार वाढवण्याची रंगीत तालीम करून पाहतो आणि ती निर्विघ्न पार पडली तरच खरे लिहायला घेतो. पार्टिशन केवळ शेवटाकडे वाढत असल्यामुळे आतल्या फाईली हलवाव्या लागत नाहीत; आमचे काम चहा निवायच्या आत झाले. विंडोज पुन्हा सुरू केल्यावर तिने डिस्क तपासून घेतली आणि ३,७२६ जीबीचे एकसंध पार्टिशन दाखवले. एक बदल मात्र ध्यानात ठेवावा लागला. डिस्कची ओळख नव्या पद्धतीने लिहिली गेल्यामुळे विंडोजने तिला नवे अक्षर दिले आणि स्कॅनिंगचा प्रोग्रॅम फाईली जुन्याच पत्त्यावर शोधत बसला. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर पूर्ववत केल्यावर सारे सुरळीत झाले.

त्याआधी माझा एक तास एका क्षुल्लक कारणाने गेला होता, तेही सांगतो. विंडोज नेहमीच्या पद्धतीने बंद केली की ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ती खरी पूर्ण बंद होत नाही, डिस्कवरची एनटीएफएस ही विंडोजची फाईल-सिस्टिम अर्धवट उघडीच राहते आणि लिनक्सची साधने अशा पार्टिशनला हात लावायला नकार देतात. शिफ्ट दाबून ठेवून शटडाउन केले की ही अडचण येत नाही. साधनाने नकार दिला हे योग्यच होते. तो नकार डावलणारे पर्याय शोधत बसू नये.

तिसरी डिस्क आली तेव्हा तिची आशा सगळ्यांनी सोडलेली होती. जुन्या डीटीपी खोलीतल्या असेंबल्ड संगणकातली ती १ टीबीची डिस्क एके दिवशी अचानक ३२ एमबीची दिसू लागली. जीबी नव्हे, एमबी. एका दुकानात ती जोडल्यावर विंडोजने फॉरमॅट करू का, असे विचारले आणि तिथल्या मुलाने होकार दिला. त्यामुळे ३२ एमबीचे एक नवे, रिकामे पार्टिशन तयार झाले होते आणि ‘डिस्क गेली’ असा शेरा मारून ती परत आली होती. तिच्यावर वाचनालयाच्या शताब्दीच्या स्मरणिकेची पाने, छायाचित्रे आणि लेखकांची टंकलिखिते होती. ग्रंथपालबाईंनी ती फडक्यात गुंडाळून माझ्याकडे आणली आणि म्हणाल्या, “तुमच्याकडून नाही झालं तर राहू दे, पण एकदा बघा.”

अशा वेळी जीपार्टेड उपयोगी पडत नाही. तोही ३१.८० मेबीबाइटच दाखवत होता, कारण प्रत्यक्ष डिस्कच आपला आकार तेवढा सांगत होती. डिस्क आणि संगणक यांच्यातल्या संवादाच्या एटीए मानकात डिस्कच्या शेवटचा काही भाग संगणकापासून लपवून ठेवण्याची सोय आहे. तिला एचपीए, म्हणजे राखीव संरक्षित क्षेत्र म्हणतात. ही हद्द डिस्कच्या आतच लिहिलेली असते, म्हणून फॉरमॅट केले, विंडोज नव्याने टाकली, पार्टिशन पुसले तरी ती हलत नाही. काही जुन्या मदरबोर्डांचे बायोस स्वतःची एक प्रत डिस्कच्या शेवटी अशीच लपवून ठेवत. एरवी त्यासाठी एखादा एमबी पुरतो. पण आकाराच्या हिशेबात चूक झाली की हद्द शेवटी पडण्याऐवजी अगदी सुरुवातीलाच पडते आणि सगळी डिस्क तिच्या पलीकडे राहते. आमच्या डिस्कचे नेमके हेच झाले होते.

एचडीपार्मला मोठ्या ‘एन’चा पर्याय देऊन डिस्कची चौकशी केली तेव्हा एकाच ओळीत दोन आकडे आले : डावीकडे ६५,१३४ आणि उजवीकडे १,९५,३५,२५,१६८. डावा आकडा डिस्क उघडपणे सांगत असलेल्या सेक्टरांचा, उजवा तिच्या खऱ्या सेक्टरांचा, आणि पुढे एचपीए चालू असल्याची नोंद. त्या उजव्या आकड्याला ५१२ ने गुणले की १ टीबी भरते. तो आकडा पाहून मला जे समाधान वाटले ते शब्दांत सांगणे कठीण आहे. डिस्क गेलेली नव्हती, ती केवळ दाराआड होती.

हे काम करताना दोन पथ्ये पाळावी लागली. पहिले असे की डिस्क यूएसबी डॉकमध्ये (डिस्क यूएसबीने जोडून देणाऱ्या उपकरणात) न लावता सरळ साटा केबलने जोडली, कारण अशा आज्ञा पुष्कळ डॉक डिस्कपर्यंत पोहोचूच देत नाहीत. आणि जोडली तीही दुसऱ्या संगणकाला, म्हणजे ज्या मदरबोर्डाने ही हद्द घातली होती त्याच्या हाती ती पुन्हा जाणार नव्हती. दुसरे असे की हद्द कायमची हलवण्याची आज्ञा डिस्क एकदा वीज सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत एकदाच मान्य करते. आकडा चुकला तर डिस्कची वीज पूर्ण तोडून पुन्हा जोडल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही, म्हणून उजवा आकडा कागदावर उतरवून, दोनदा ताडून मगच टंकावा. आकड्याआधी ‘पी’ लिहिल्यास बदल कायमचा होतो, न लिहिल्यास पुढच्या वेळी वीज येईपर्यंतचाच. आज्ञा दिल्यावर एचडीपार्म लगेच ऐकत नाही. ही धोक्याची गोष्ट आहे असे बजावतो आणि ‘मी काय करतो आहे ते मला ठाऊक आहे’ अशा अर्थाचा एक लांबलचक पर्याय पूर्ण टंकून द्यायला लावतो. ती अक्षरे एकेक करून टंकताना माणूस आपोआप थांबतो आणि पुन्हा एकदा डिस्कचे नाव तपासतो. धोक्याच्या बटणावर अशी व्यवस्था असावी, असे मला मनापासून वाटते.

संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केल्यावर डिस्क ९३१.५१ गिबीबाइटची दिसली. पण जागा परत आली तरी फाईली अजून दिसत नव्हत्या, कारण दुकानातल्या फॉरमॅटने सुरुवातीचा भाग पुसला होता. येथे टेस्टडिस्क कामी आला. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची, म्हणजे पार्टिशनची माहिती असलेल्या पहिल्या सेक्टरची, एक प्रत पार्टिशनच्या अगदी शेवटी ठेवते, आणि फाईलींची मुख्य सूची सहसा सुरुवातीपासून सुमारे ३ जीबी आत असते. दुकानातल्या फॉरमॅटला ३२ एमबीच्या पलीकडे जाताच आले नव्हते, त्यामुळे ती सूची सुरक्षित होती. ज्या हद्दीने डिस्क बंद केली, तिनेच आतला मजकूर वाचवला होता. टेस्टडिस्कच्या सखोल शोधात जुने पार्टिशन त्या शेवटच्या प्रतीवरून सापडले, बूट सेक्टर तिच्यावरून पूर्ववत करता आला आणि फाईलींची यादी एकेक ओळ करत उलगडत गेली. मी सगळा मजकूर आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतला आणि मगच विंडोजला ती डिस्क तपासू दिली. टंकलिखितांचे फोल्डर उघडले तेव्हा ग्रंथपालबाई माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या.

या तीन डिस्कांखेरीज एका डॉकचाही उल्लेख करायला हवा, कारण सिस्टिमरेस्क्यूलाही न सुटणारे दुखणे त्याच्यात आहे. आमच्या जुन्या यूएसबी डॉकमध्ये ४ टीबीची डिस्क लावली की ती २,०४८ ऐवजी १,६७८ जीबीची दिसते. जुन्या स्कूटरचे किलोमीटर मोजणारे मीटर सगळे नऊ झाले की पुन्हा शून्यापासून सुरू होत असे; डॉकमधली चिप ३२ बिटांपलीकडे मोजू शकत नसली की तेच होते, आणि पहिल्या २,०४८ जीबीची एक फेरी पूर्ण होऊन उरलेलाच आकडा दिसतो. याच कारणाने ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दिसते. म्हणून २,०४८ दिसले तर पार्टिशनची पद्धत पाहावी. १,६७८ किंवा ७४६ दिसले तर मधले उपकरण किंवा त्याचा ड्रायव्हर बदलावा, आणि तोपर्यंत त्या डॉकमध्ये असताना डिस्कवर काहीही लिहू नये. डिस्क शून्य जागा दाखवत असेल, ओळखीचे मॉडेल नाव सांगत नसेल किंवा आतून टकटक आवाज येत असेल, तर तो यांत्रिक किंवा फर्मवेअरचा (डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅमचा) बिघाड असतो. तिथे हे साधन बाजूला ठेवून डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत जावे.

सिस्टिमरेस्क्यूच्या उणिवाही आहेत. सुरू झाल्यावर ती काळ्या पडद्यावर आणून सोडते आणि ‘स्टार्टएक्स’ असे टंकल्याशिवाय खिडक्यांचा डेस्कटॉप येत नाही. नवख्या माणसाला पहिला धक्का इथेच बसतो. सगळा मजकूर इंग्रजीत आहे. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय, चालू असलेल्या संगणकावर ती सुरू होत नाही, म्हणून ते बायोसमध्ये जाऊन बंद करावे लागते. आणि अशा लॅपटॉपवर बिटलॉकर हे विंडोजचे डिस्कवरचे कुलूप असेल तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती की आधी लिहून ठेवलेली नसेल तर या वाटेला जाऊच नये. सर्वांत मोठा धोका नावांचा आहे. डिस्क येथे एसडीए, एसडीबी अशा नावांनी ओळखल्या जातात आणि तो क्रम प्रत्येक वेळी तोच राहील याची खात्री नसते. मी काम सुरू करण्यापूर्वी डिस्कच्या लेबलवरचा सिरियल क्रमांक पडद्यावरच्या क्रमांकाशी ताडतो आणि ज्या डिस्कांशी काम नाही त्यांच्या केबल काढून ठेवतो.

स्वतः बायोस उघडू शकणाऱ्या, आज्ञा अक्षर न अक्षर तपासून टंकणाऱ्या आणि आधी नक्कल काढण्याइतका धीर असणाऱ्या माणसाला मी हे साधन निःशंकपणे सुचवेन. ज्याला डिस्क केवळ जीपीटीत बदलायची आहे आणि डिस्क पूर्ण रिकामी आहे, त्याला इतके सगळे लागत नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन पुसल्यावर तो फिका पर्याय चालू होतो आणि एका टिचकीत काम होते. पण डिस्कवर मजकूर आहे आणि दाखवलेल्या आकड्याचा अर्थ लागत नाही, अशा वेळी पैसे मागणाऱ्या सॉफ्टवेअरकडे किंवा फॉरमॅटच्या होकाराकडे वळण्याआधी या पेनड्राइव्हवरून एकदा पाहावे. आमची ४ टीबीची डिस्क तेव्हापासून रोज वापरात आहे. स्मरणिकेची १ टीबीची डिस्क, स्मार्टसीटीएलने तिची प्रकृती ठीक सांगूनही, आम्ही केवळ तिसरी प्रत ठेवण्यासाठी वापरतो, आणि तिच्या लेबलवर मी १,९५,३५,२५,१६८ हा आकडा पक्क्या शाईने लिहून ठेवला आहे.